स्वतः गाडी धुवायचं सेल्फ सर्व्हिस सेंटर कोणी वापरलंय का? ठाणे / ऐरोली साइड

घोडबंदरवाली: मंडळी, सल्ला हवाय. कासारवडवलीला राहते, गाडी उघड्यावर उभी असते आणि इथली मेट्रो न रस्त्याच्या कामांची धूळ माहितीच आहे तुम्हाला, सकाळी पुसली की संध्याकाळी काचेवर बोटाने नाव लिहावं. सोसायटीत पाइप लावून धुवायला बंदी आहे, ते बरोबरच आहे, उन्हाळ्यात आम्ही टँकरवर असतो. पुसणारा मुलगा महिन्याला ६०० घेतो पण एकच बादली, एकच फडकं, अख्ख्या लाइनीतल्या गाड्या, आता उन्हात बोनेटवर गोल गोल ओरखडे दिसतात. हप्ते आत्ता कुठे फिटलेत हो, जीव तुटतो. ऐरोलीकडे जाताना एक सेंटर दिसलं, पैसे भरायचे, मशीन सुरू होतं, आपणच धुवायचं. प्रेशरने रंग जातो का? सोबत काय न्यावं?

ऐरोलीकर: ताई, बिनधास्त जा, मी दर दोन आठवड्यांनी जातो. कंपनीचा रंग शाबूत असेल तर पाण्याने काही होत नाही, ओरखडे पडतात ते धूळ तशीच ठेवून फडकं फिरवल्याने. म्हणून आधी नुसतं पाणी मारायचं, चाकं आणि मडगार्डच्या आत जास्त वेळ, तिथेच सगळा चिखल असतो. मग फोम, तीन-चार मिनिटं राहू द्यायचा पण वाळू द्यायचा नाही, म्हणून उन्हं चढायच्या आत जायचं. मशीनचं घड्याळ पैसे भरले की पळायला लागतं, त्यामुळे पायपुसण्या काढणं, काचा बंद करणं, आरसे मिटणं हे सगळं आधी. फोम मुरेपर्यंत मशीन थांबवता येतं का ते तिथल्या माणसाला विचारून घ्या, सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाचतात.

खारघर_डिझेल: वरच्याला +१. फक्त गन फूटभर लांब धरा. डेंटिंग-पेंटिंग झालेला भाग, दगड लागून टवका उडालेली जागा, दाराचे रबर, तिथे जवळून मारलं तर रंगाचा पापुद्रा निघतो, माझ्या बंपरचा निघालाय. बोनेट उघडून इंजिनावर तर अजिबात मारू नका, वायरिंगच्या जोडात पाणी गेलं की दुखणं मागे लागतं. आणि घरून भांड्यांचा साबण नेऊ नका, वॅक्स असेल तर तो उतरवून टाकतो.

ऐरोलीकर: हो, आणि मायक्रोफायबरची दोन फडकी, एक बॉडीला, एक चाकांना, अदलाबदल करायची नाही. पुसायला गाडी बाजूला घ्या, मागे लाइन असते. निघाल्यावर रस्ता मोकळा बघून दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा, डिस्क वाळतात.

घोडबंदरवाली: आज सकाळी सातला जाऊन आले!! दोन राउंड लागले, १६० रुपये, पहिला राउंड गन नीट धरण्यातच गेला पण पुढच्या वेळी एकात होईल असं वाटतं. चाकांच्या आतून जे लाल पाणी निघालं ते बघून धक्काच बसला, इतके दिवस तिथे कोणी हातच लावला नव्हता. ओरखडे आहेत तिथेच आहेत, पण गाडी माझ्या हाताने स्वच्छ झाली याचं फार बरं वाटलं. टपावर कबुतराच्या विष्ठेचा डाग मात्र गेला नाही. कव्हर घालू का?

खारघर_डिझेल: धुळीत कव्हर नको, वाऱ्याने हललं की तेच घासतं. विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून उचलून घ्या, घासू नका. जुना डाग रंगात उतरला असेल तर पॉलिशवाल्याला दाखवा.