मुलीच्या चेहऱ्यावरचे मुरूम: ट्यूब लावली की बसतात, थांबवली की दुपटीने येतात

प्रश्न (चाळीसगाव)

माझी मुलगी अकरावीत आहे. दहावीच्या सुट्टीत तिच्या कपाळावर आणि गालांवर मुरूम येऊ लागले, तेव्हा गावातल्या एका मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागताच एक ट्यूब दिली. आठ दिवसांत चेहरा इतका नितळ आणि उजळ झाला, की शेजारणीही ट्यूबचे नाव विचारू लागल्या. चार महिने ती रोज रात्री लावत होती. मागच्या महिन्यात ट्यूब संपली आणि तिसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद झाला. उन्हात पाऊल टाकले की आग होते आणि हनुवटीपर्यंत एकाच आकाराच्या बारीक पुळ्या उठल्या आहेत. पुन्हा लावली की सारे शांत होते. मावसबहिणीच्या हळदीला यायलाही ती नाही म्हणते आहे. ट्यूब चालू ठेवावी का? घरात शेवभाजी आणि वरण-बट्टी नेहमीची असते, ती बंद करावी का? सासूबाई मुलतानी मातीत लिंबू पिळून लावायला सांगतात.

उत्तर १ (जळगाव)

ताई, मी पंधरा वर्षे औषधांच्या दुकानात काम केले आहे, म्हणून आधी एक विनंती करतो: ट्यूबवरची बारीक अक्षरे उजेडात नीट वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल यांपैकी एखादे नाव असेल, तर त्यात स्टेरॉइड आहे. बऱ्याचदा त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असते आणि चेहरा उजळतो तो या मिश्रणामुळे. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबून टाकते, म्हणून मुरूम बरे झाल्यासारखे दिसतात. पण महिनोन् महिने लावल्यास कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, नको तिथे लव वाढते आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम येतात. तुम्ही वर्णन केलेल्या एकसारख्या पुळ्या मला त्यातल्याच वाटतात. २०१८ साली अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम झाला. तरीही ती सर्रास दिली जातात, याचे मला या व्यवसायातला माणूस म्हणून फार वाईट वाटते. ट्यूब एकदम बंद करायची की हळूहळू कमी करायची, हे त्वचारोगतज्ज्ञांना चेहरा दाखवूनच ठरवा.

उत्तर २ (शिरपूर)

मी यातून गेले आहे, म्हणून आधीच सांगते की बंद केल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार कठीण जातात. मी आरशावर टॉवेल टाकून ठेवत असे. त्या दिवसांत घरच्यांनी ‘लग्नापुरती लाव’ असे म्हटले, तर केलेले सगळे वाया जाते. डॉक्टरांनी मला सुरुवातीला मुरुमांचे एकही औषध लावू दिले नाही; सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच होते. कातडी शांत झाल्यावर रात्री अडॅपलीन हे मुरुमांवरचे मलम सुरू झाले, वाटाण्याएवढे, फक्त पुळीवर नव्हे तर सगळ्या चेहऱ्यावर पातळ. त्याने आधी कोरडेपणा आला, पापुद्रे निघाले आणि खरा फरक तिसऱ्या महिन्यात दिसला. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचे दुसरे औषध असे. ते लागून माझ्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पडले, तेव्हा अभ्रा आणि टॉवेल पांढराच वापरा. मुरूम गेल्यावर राहणारे काळे डाग निघायलाही कित्येक महिने लागतात, पण ते फिके होतात.

उत्तर ३ (धुळे)

लिंबू मात्र अजिबात लावू नका. आधीच सोललेल्या कातडीवर आम्ल लागले की जळजळ होते, आणि ते लावून आपल्याकडच्या वैशाखाच्या उन्हात गेल्यास चट्टे पडू शकतात. सासूबाई मायेनेच सांगत असतील, त्यांना हे कारण समजावून सांगा.

शेवभाजीला दोष देण्यासारखे काही नाही. तेलकट खाल्ल्याने चेहऱ्यावर तेल येत नाही. वयात येताना अँड्रोजन (पुरुषी संप्रेरक, जे मुलींमध्येही असते) वाढते, तैलग्रंथी जास्त तेल स्रवतात, मृत पेशींनी छिद्र बुजते आणि आत जंतू वाढतात. गोड, मैद्याचे पदार्थ, कोल्ड्रिंक आणि काहींच्या बाबतीत दूध यांचा मुरुमांशी संबंध दिसतो, तेवढे कमी करून पाहावे. मी तुम्हाला वेगळेच विचारेन: ती डोक्याला भरपूर तेल लावून झोपते का? माझ्या पुतणीच्या कपाळावर केसांच्या रेषेलगतच पुळ्या येत होत्या आणि तेल लावणे थांबवल्यावर त्या ओसरल्या. स्कुटीवर तोंडाला घट्ट बांधलेली ओढणी घामाने भिजते आणि गालाला घासते, म्हणून ती सुती असावी आणि रोज धुतलेली असावी. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा.

प्रश्नकर्ती

ट्यूबवर मोमेटासोनच लिहिले आहे आणि डाव्या बाजूला लाल उभी रेघही आहे, म्हणजे चिठ्ठीनेच द्यायच्या औषधाची खूण. चार महिने ती माझ्या नजरेसमोर होती. गुरुवारी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. मैत्रिणीला आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी फरक पडला, म्हणून मुलगी त्याच मागते आहे.

उत्तर १ (जळगाव)

त्या गोळ्या चांगल्या आहेत, पण त्या खोल गाठींच्या किंवा इतर उपायांना न जुमानणाऱ्या मुरुमांसाठी, आणि रक्ततपासणी करूनच देतात. गर्भावर त्यांचा अतिशय गंभीर परिणाम होतो, म्हणून मैत्रिणीच्या पाकिटातली एकही गोळी तिने घेऊ नये. गुरुवारी ती ट्यूब सोबत न्या आणि किती दिवस, दिवसातून किती वेळा लावली, हे कागदावर लिहून न्या.