व्हाइटस्पेसला मराठीत काय म्हणावं? ‘मोकळी जागा’ने घोटाळा केला

रावपुरावाली
आमच्या मंडळाच्या ग्रंथालयाची सूची एक्सएमएल फायलीत आहे, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला त्याचं नाव सांगणाऱ्या खुणा, अर्थात टॅग, लावलेले आहेत. एखादी नोंद दुरुस्त करायची तर आम्ही कमांड लाइनवरून (कमांड टाइप करून) एक्सएमएलस्टारलेट हा प्रोग्राम वापरतो. मदतीला येणाऱ्यांसाठी मी मराठीत एक पत्रक लिहिलं. त्यात कमांडला फाइलची मूळ मांडणी राखणारा ‘पी’ हा पर्याय का द्यायचा, हे सांगायला एकच वाक्य होतं: ‘बदल करताना मोकळी जागा जपा.’

एका काकांनी ते वाचलं, डिस्कवर किती जागा उरली आहे ते पाहिलं, भरपूर होती, म्हणून ‘पी’ न देताच कमांड चालवली. एका पुस्तकाचं प्रकाशनवर्ष बदलायचं होतं, ते बदललं. पण चार-चार स्पेस आत असलेल्या ओळी दोन-दोनवर आल्या आणि गिटमध्ये (फायलींतले बदल नोंदवणाऱ्या प्रोग्राममध्ये) अख्खी फाइल बदललेली दिसायला लागली. खरा बदल त्यात शोधून सापडेना. चूक काकांची नाही, माझ्या शब्दाची आहे. तर व्हाइटस्पेसला, म्हणजे मजकुरातल्या न दिसणाऱ्या स्पेस, टॅब वगैरेंना, काय म्हणू? आणि ओळ आतून सुरू होते त्या इंडेंटला?

शब्दनिष्ठ
श्वेतावकाश. इंडेंटला अंतःसरण. दोन्ही शब्द घडीव आहेत हे मान्य, पण डिस्कशी गल्लत होणार नाही.

खिळेघर
ताई, माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. दोन शब्दांमधली स्पेस हाही खिळाच. उंचीला कमी, म्हणून त्याला शाई लागत नाही आणि तो कागदावर उमटत नाही, एवढंच. तो काढला की शब्द एकमेकांना चिकटतात आणि ओळ सैल पडते. वडील कायम ‘स्पेस टाक’ म्हणायचे. ‘स्पेस सोड’ असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. म्हणून मला ‘जागा’ पटत नाही आणि ‘अवकाश’ तर त्याहून नाही. जागा म्हणजे जिथे काही नाही ती. इथे तर काहीतरी ठेवलेलं आहे.

अलकापुरी_टर्मिनल
खिळेघर यांचं म्हणणं एक्सएमएललाही लागू पडतं. तिथे व्हाइटस्पेस म्हणजे मोजून चार कॅरेक्टर: स्पेस, टॅब आणि ओळ संपवणारी दोन. वर्ड वापरणारे दोन शब्द एका ओळीत धरून ठेवायला जी न तुटणारी स्पेस टाकतात, ती यात धरत नाहीत. म्हणजे दिसायला सारख्या दोन कोऱ्या जागांतली एक व्हाइटस्पेस असते आणि दुसरी नसते. ‘जागा’ म्हटलं की हा फरक बुडतो.

एक उदाहरण देतो. लेखकाच्या टॅगमध्ये नावाचा एक टॅग, मग एक स्पेस, मग आडनावाचा टॅग. एक्सएमएललिंट या दुसऱ्या प्रोग्रामला ‘नोब्लँक्स’ हा पर्याय दिला की ती स्पेस जाते आणि नाव आडनावाला चिकटतं. डीटीडी (कुठल्या टॅगमध्ये काय येतं याची नियमावली) जोडलेली नसेल तर प्रोग्रामला ही स्पेस कामाची आहे की नुसती सजावट, हे अंदाजानेच ठरवावं लागतं. एक्सएमएलस्टारलेटमध्ये ‘पी’ मूळ मांडणीसाठी आहे आणि ‘एस’ बिनमहत्त्वाच्या स्पेससाठी. आम्ही दोन्ही एकत्र देतो.

ताई, पत्रकातलं ‘जपा’ही तपासा. ‘पी’ दिला तरी एका टॅगच्या आतल्या दोन ॲट्रिब्यूटांमधल्या (टॅगमध्येच लिहिलेल्या जोडमाहितीमधल्या) जास्तीच्या स्पेस वाचत नाहीत. एकेरी अवतरणचिन्हांची दुहेरी होतात. विंडोजच्या पद्धतीने संपलेल्या ओळी पार्सर (फाइल वाचणारा भाग) वाचतानाच एकसारख्या करून टाकतो, तसं १९९८च्या एक्सएमएल शिफारशीतच आहे. शक्य तेवढं जपा, इतकंच खरं.

शब्दनिष्ठ
‘बिनमहत्त्वाच्या’ चालतं आणि ‘श्वेतावकाश’ चालत नाही? राज्यव्यवहारकोश झाला तेव्हाही ते शब्द नवेच होते. माधव ज्यूलियन आपल्या बडोद्यात जन्मले. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश केला. फारसी इतकं जाणणारा माणूस पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभा राहिला, यावर विचार करा.

मांडवीचा_वाचक
त्याच बडोद्यात १९३१ साली सयाजीरावांच्या राज्यकारभारासाठी शासनशब्दकल्पतरू निघाला. त्यात एकाच इंग्रजी शब्दासाठी गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी असे शब्द शेजारीशेजारी ठेवले आहेत. कोणाला हाकललं नाही. कारकुनाला कळणं महत्त्वाचं होतं. रावपुरावालींच्या काकांना श्वेतावकाश कळेल का? मला तर आधी कमांड टाइप करायच्या टर्मिनलचा काळा पडदा आठवला.

सुरसागरकाठ
इंडेंटला सरळ समास म्हणा. शाळेत बाई ‘समास सोडा’ म्हणायच्या. गुजराती वर्गात त्यालाच ‘हांसियो’. घरी आम्ही अजून ‘हांसिया आखला का?’ असंच विचारतो.

शब्दनिष्ठ
समास पानाचा असतो, सगळ्या ओळींना सारखा. इंडेंट एकेका ओळीचा. आणि ‘हांसिया’ मराठी नाही.

सुरसागरकाठ
माझ्या आजीच्या तोंडी होता. तिच्या घरात तीन पिढ्या मराठीच बोलत आल्या. मग तो कोणाचा? आणि समासाचं म्हणाल, तर दासबोधात दोनशे समास आहेत, तिथे तो प्रकरण आहे. व्याकरणात तो जोडशब्द आहे. ‘एकत्र टाकणे’ या अर्थाचा शब्द पानाच्या कडेला कसा गेला? मला वाटतं, कडेला सगळी टिपणं एकत्र लिहीत, म्हणून.

खिळेघर
सुंदर आहे, पण पुरावा काय?

पोथीप्रेमी
मूळ प्रश्नाकडे येते. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि अक्षरं तिला लटकवत जायची. शब्द तोडत नसत. वस्तूच नव्हती, तर मराठीला तिचं नाव कुठून असणार?

पण दुसरीकडे पाहा. ताडपत्राला दोरी ओवायला भोक असे, त्याच्याभोवती लिहीत नसत. पुढे कागद आला. दोरीची गरज उरली नाही. तरी गुजरातेतल्या कितीतरी जैन पोथ्यांत पानाच्या मधोमध ती कोरी आकृती तशीच सोडलेली आहे, कधी चौकोनी, कधी शंकरपाळ्यासारखी. मजकुराला तिचा काही उपयोग नाही, आणि नक्कल करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती जपली. अलकापुरींचा ‘एस’ पर्याय तो हाच. त्या आकृतीला नक्कल करणारी मंडळी काहीतरी म्हणत असणारच. कोणाला माहीत आहे का?

रावपुरावाली
पत्रक उद्या छापायचं आहे, म्हणून तूर्त ‘टाकलेल्या स्पेस शक्य तेवढ्या जपा, पी आणि एस दोन्ही द्या’ असं लिहिलं. काकांना वाचून दाखवलं, त्यांना कळलं. इंडेंटला ‘ओळ आत घेणे’ लिहिलं, ते मला अजून पसंत नाही.

शब्दनिष्ठ
‘स्पेस’चं अनेकवचन ‘स्पेस’च? ‘स्पेसा’ नाही?

खिळेघर
वडील ‘स्पेसा’ म्हणायचे. ‘चार स्पेसा टाक.’

सुरसागरकाठ
पोथीप्रेमी, ती आकृती असलेलं पान बडोद्यात कुठे पाहायला मिळेल? प्राच्यविद्या मंदिरात दाखवतात का?