ताडोबा: मेपेक्षा मार्चअखेर बघा

ताडोबात वाघ बघायचा तर मे महिनाच हवा का, असा प्रश्न पडतो. पाणी आटलं की पाणवठ्यावर वाघ दिसायची शक्यता वाढते हे खरंच, पण सोबत लहान मुलं असतील तर दुपारच्या सफारीत उघड्या जिप्सीत पार भाजून निघतात. मी मार्चअखेर सुचवेन. मोहाची फुलं गळायला लागलेली असतात, ती खायला अस्वलं येतात. (अस्वलाचं कौतुक कुणालाच नसतं!) तेलिया तलावाशी आम्ही पाऊण तास नुसते बसलो होतो. वानर एकदाच खाकरलं (वाघ जवळपास असल्याचा इशारा), गाईडने ओठांवर बोट ठेवलं, पुढे काहीच नाही. तरी तीच सफारी अजून आठवते. मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असतो, ते बघूनच रेल्वेचं तिकीट काढा.