पिकअप ट्रकवाल्यांनो, अनुभव सांगा: ट्रेलर ओढणं, अ‍ॅव्हरेज आणि रोजचा वापर

आम्ही डॅलसजवळ प्लेनोला राहतो. दोन उन्हाळे भाड्याची आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन हिंडलो. मुलं इतकी रमली की आता स्वतःचाच ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरलंय. २६ फुटी, सामान भरून जास्तीत जास्त ७,००० पौंड, म्हणजे जवळपास ३,२०० किलो. तो ओढायला फुल-साइझ पिकअप हवा. फोर्ड एफ-१५०, शेवरले सिल्व्हरॅडो १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टंड्रा, चारही चालवून पाहिल्या. शोरूममध्ये जो तो म्हणतो, '११,००० पौंड आरामात ओढेल.' पण हाच ट्रक रोज ऑफिसला न्यायचाय, आणि हिवाळ्यात सांगलीहून आई-बाबा येतात, त्यांनाही त्यात चढता आलं पाहिजे. माहितीपत्रकातले आकडे माझ्याकडे आहेत. मला तुमचे आकडे हवेत. काय ओढता, पेट्रोल किती लागतं, आणि ट्रेलर नसतो त्या दिवशी गाडी कशी वाटते? सविस्तर लिहा, आमची बरीच वर्षांची बचत यात जाणार आहे.

ट्रॉय, मिशिगन

मी इथे सस्पेन्शनवरच काम करतो, म्हणून थोडं लांबेल. ओढण्याचा आकडा बाजूला ठेवा आणि ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक पांढरं-पिवळं स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. हा पेलोड. एकाच मॉडेलमध्ये एका गाडीवर तो १,३०० दिसेल, शेजारच्या गाडीवर १,९००. काचेचं छप्पर, आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या, गार हवेच्या सीटा, सगळ्यांचं वजन त्यातूनच वजा होतं. जितका महाग ट्रक, तितका बहुतेक वेळा पेलोड कमी.

आता तुमचा हिशोब मांडू. ट्रेलरचं नाक हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर टेकतं. तिथला भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवा. त्याहून कमी असला तर हायवेवर ट्रेलर मागून डोलायला लागतो. ७,००० चे १३ टक्के म्हणजे ९१०. भार पुढच्या चाकांवर वाटून देणारी हिच तुम्हाला लागणारच, ती ९० ची. झाले १,०००. तुम्ही दोघं आणि मुलं मिळून ४८० धरा. झाले १,४८०. अजून कूलर, सायकली, जनरेटर काहीच चढवलेलं नाही, आणि आई-बाबा घरीच राहिलेत.

ते ११,००० खोटे नाहीत. एसएई जे२८०७ या ठरलेल्या पद्धतीने चाचणी होते, पण तिच्यात गाडीत दीडशे पौंडांची दोनच माणसं धरतात. आणि ओढणं हा प्रश्न तसा सोपाच असतो. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका टंड्राने एंडेव्हर हे अवकाशयान पुलावरून ओढत नेलं होतं. सपाट रस्ता, पायी चालण्याचा वेग. खरा कस लागतो तो पाठीवर भार पेलताना, थांबताना आणि आडव्या वाऱ्यात.

डेन्व्हर

वरच्या प्रतिसादात थांबण्याचा उल्लेख आलाय, त्यावर माझं ऐका. आमच्याकडे आय-७० हा रस्ता आयझेनहॉवर बोगद्यातून जातो, उंची ११,१५८ फूट. माझा आधीचा ट्रक टर्बो नसलेला व्ही-८ होता. वर हवा विरळ, म्हणून दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते, म्हणजे बोगद्यापाशी इंजिनाची एक तृतीयांश ताकद हवेतच गेलेली. पण चढ परवडला. सिल्व्हरथॉर्नच्या बाजूला उतरताना मी 'टो-हॉल'चं, म्हणजे खालचा गिअर धरून इंजिनानेच वेग आवरायचं बटण दाबलं नाही, सारखा ब्रेकवर पाय. अर्ध्या उतारावर जळका वास यायला लागला. ब्रेक निकामी होऊन सुटलेल्या ट्रकांसाठी रस्त्याकडेला खडीचा रॅम्प आहे, त्याच्याकडे बघत बघत मी कसाबसा खाली आलो. मागे बायको आणि दोन लेकरं. माझे वडील एसटीत चालक होते, कराड-चिपळूण गाडी कुंभार्ली घाटातून नेत. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. ते त्या दिवशी कळलं.

आता सिल्व्हरॅडोचं ३ लिटरचं डिझेल आहे. रिकामा ट्रक हायवेवर गॅलनला २८ मैल देतो, म्हणजे लिटरला जवळपास १२ किलोमीटर. ६,००० पौंडांचा ट्रेलर लावला की १३. कॅन्ससच्या माळावर समोरून वारा असला की १०. वजनापेक्षा वारा जास्त खातो. ट्रेलर म्हणजे आठ फूट रुंद भिंतच की. डिझेल पेट्रोलपेक्षा महाग पडतं आणि डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव) भरत राहावं लागतं, हे धरूनच घ्या.

ह्यूस्टन

माझ्याकडे एफ-१५० हायब्रिड आहे, ७.२ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर देणाऱ्या प्लगवाली. आम्ही २१ फुटी बोट ओढतो, ट्रेलरसकट ४,००० पौंड. तेव्हा १३-१४ चा अ‍ॅव्हरेज, एरवी शहरात २२. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं, शहरात लाखो घरांची वीज गेली, आमची चार दिवस. सासूबाईंना रात्री श्वासाचं मशीन लागतं. ट्रक दारात उभा केला, मागच्या हौद्यातून वायर आत घेतली. मशीन, फ्रिज, खिडकीतला एसी, सगळं चाललं. शेजारच्या आजोबांचं इन्सुलिनही आमच्याच फ्रिजमध्ये होतं. ट्रक मात्र कायम उघड्यावर उभा करा, गॅरेजमध्ये चालू ठेवू नका. त्याच्या धुराने जीव जातो. या चार दिवसांसाठी मी तो ट्रक पुन्हा घेईन.

बोटवाल्यांसाठी एकच: खाऱ्या पाण्यातून ट्रेलर वर आला की बेअरिंग आणि ब्रेक गोड्या पाण्याने धुवा. त्याच दिवशी.

फीनिक्स

२०१५ ची टंड्रा, ५.७ लिटर व्ही-८. १,९०,००० मैल झाले. रिकामी १५, ट्रेलरला ९. पेट्रोल पिते. रस्त्यात एकदाही बंद पडली नाही.

कॅलगरी

धागाकर्त्यांच्या आई-बाबांविषयी वाचून लिहितोय. माझी आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात. चारही ट्रकांजवळ तिला नेलं आणि 'चढून दाखव' म्हटलं. रॅमला हवेचं सस्पेन्शन घेतलं तर उभी गाडी साधारण दोन इंच खाली बसते. दोन इंच काही फार नाहीत, पण खाली पायरी आणि दाराच्या खांबाला मूठ असली की ती कुणाचा हात न धरता चढते. तिला मागे तीन तास बसवून बॅन्फला नेऊन आणलं, पाठीची तक्रार नाही. मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत त्याचा फरक पडतो. उणे ३० मध्ये रात्री इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर लावावाच लागतो, आणि हिवाळ्यात अ‍ॅव्हरेज चांगलाच पडतो. इतर ट्रकांचंही तेच.

एडिसन, न्यू जर्सी

इलेक्ट्रिक पिकअप. रोजच्या वापराला याच्याइतकं सुख नाही. रात्री घरी चार्ज, सकाळी पूर्ण भरलेला. पण ट्रेलर लावला की पल्ला निम्म्याहून कमी, आणि बहुतेक चार्जरपाशी आधी ट्रेलर सोडून ठेवावा लागतो. दूर ओढायचं असेल तर घेऊ नका. गणपतीच्या मिरवणुकीत मात्र आम्ही मूर्ती याच्यावरच ठेवतो. मागे चालणाऱ्या पोरांच्या नाकातोंडात धूर जात नाही आणि ताशाचा आवाज स्वच्छ ऐकू येतो.

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

मी ट्रक घेतला आणि दोन वर्षांनी विकला. गॅरेज २० फूट, ट्रक १९ फुटांहून जास्त. दार लावायचं तर भिंतीला चिकटवून उभा करायचा. इथे ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५. वर्षात १२ दिवस ओढला, बाकी दिवस एकटाच ऑफिसला. आता मिनीव्हॅन आहे आणि ट्रिपला ट्रक भाड्याने घेतो. बऱ्याच भाडेकरारांत ट्रेलर ओढायला मनाई असते, तेवढं आधी नीट वाचा.

निफाड

आमची बोलेरो पिकअप १,७०० किलो द्राक्षं घेऊन जाते. तुमचे एवढे मोठे ट्रक ७०० किलोला का थकतात?

ट्रॉय, मिशिगन

दादा, चांगला प्रश्न. तुमची गाडी माल वाहायलाच बांधली आहे. मागे जाड पाट्यांचं स्प्रिंग, रिकामी असली की खड्ड्यात उडते. इथल्या ट्रकात घरची माणसं मऊ बसून ७० मैलांनी जातात, म्हणून स्प्रिंग मऊ. इथेही जास्त पेलणारे २५०० आणि ३५०० वर्गाचे ट्रक असतात. ते रिकामे चालवून बघा, तुमच्या बोलेरोची आठवण येईल.

धागाकर्ता, प्लेनो

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी तीन शोरूममध्ये जाऊन दारंच उघडत फिरलो, ११ स्टिकरांचे फोटो काढले. सगळ्यांत कमी १,३४५, सगळ्यांत जास्त १,९१०. तो १,९१० वाला साध्या कापडी सीटांचा आहे, आणि तो बघायला मला कुणीच नेलं नव्हतं. बायको म्हणते, ट्रेलरच २२ फुटी घेऊ, ५,००० पौंडांचा. मलाही ते पटतंय. आई-बाबा नोव्हेंबरात येतील, तोवर सही करत नाही. आधी दोघांना चढवून-उतरवून बघतो. डॅलसच्या आसपास कुणी २२ फुटी ट्रेलर ओढत असेल तर कळवा, एका रविवारी बघायला येतो.