शिंकताना, फुगडी घालताना लघवी सुटते. लेझर करू का? (ठाणे)

मैत्रिणींनो, विषय अवघड जागेचा, म्हणून नवा आयडी काढलाय.

वय ४६, पाचपाखाडीत राहते. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, धाकटा पावणेचार किलोचा. शिंकले, खोकले, खदखदून हसले की थोडी सुटतेच. घाईची लागून वाटेत होते असं नाही, पोटावर जोर आला की फक्त. पाच वर्षं पॅडवर काढली. आता मंगळागौरीची प्रॅक्टिस सुरू झालीय आणि फुगडीची वेळ आली की मी 'गुडघा दुखतोय' म्हणून बाजूला बसते. गुडघा ठणठणीत आहे.

मागच्या आठवड्यात एका क्लिनिकमध्ये गेले (नाव नको). दहा मिनिटांत लेझर सुचवलं. महिन्याच्या अंतराने तीन सिटिंग, टाके नाहीत, लगेच घरी. आजच पैसे भरले तर सूट! ना खोकायला लावून तपासलं, ना लघवीची टेस्ट. साड्यांचा सेल आहे का हा?

घरी येऊन वाचलं. योनीच्या आतल्या भिंतीला लेझरची उष्णता द्यायची, म्हणजे कोलॅजेन आवळून मूत्रमार्गाला खालून आधार मिळेल, असा त्यामागचा हिशोब. पण अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्येच या यंत्रांबद्दल इशारा दिलाय: भाजणं, व्रण, संबंधाच्या वेळी दुखणं. ब्रिटनच्या 'नाइस'ने (कुठले उपचार वापरावेत हे सांगणारी तिथली सरकारी संस्था) २०२१ मध्ये सांगितलं, या त्रासासाठी लेझर फक्त संशोधनापुरतंच वापरा. मग इथे सर्रास कसं चालतं? कोणी केलंय का? ठाण्यात दाखवायचं कोणाला, स्त्रीरोगतज्ज्ञ की युरॉलॉजिस्ट?

खाडीपलीकडची: पैसे भरू नका ताई. आधी लघवीची साधी तपासणी, इन्फेक्शन नाही ना बघायला. मग ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे (लघवी रोखताना आवळतो ते) व्यायाम, निदान तीन महिने, रोज तीनदा, दर वेळी आठ तरी आकुंचनं. यूट्यूब बघून मी वर्षभर केले, फरक शून्य. फिजिओथेरपिस्टने तपासल्यावर कळलं, मी आवळत होते ते पोट आणि मांड्या! नीट शिकल्यावर चौथ्या महिन्यात पॅड सुटलं. वजन उतरवलं तर त्यानेही फरक पडतो.

नेरूळची मावशी: मी केलंय लेझर. सहा-सात महिने छान गेले, मग लेकीच्या लग्नाच्या धावपळीत पुन्हा सुरू. तेव्हा म्हणाले, आणखी एक सिटिंग घ्या. म्हटलं, नको. दुसऱ्या डॉक्टरांनी व्यायाम दिले, नाहीच जमलं तर स्लिंगचं ऑपरेशन, म्हणजे मूत्रमार्गाखाली पट्टीचा आधार. त्यात जाळी घालायची की स्वतःच्याच शरीरातली पट्टी, हे नीट विचारून घ्या. जाळीने काहींना पुढे त्रास झालाय. स्त्रीरोगवाले असोत की युरॉलॉजिस्ट, 'या तक्रारीच्या किती बायका बघता' हे तोंडावर विचारायचं.

धागाकर्ती: दोघींना धन्यवाद. मंगळवारी कळव्याला महापालिकेच्या हॉस्पिटलात स्त्रीरोगच्या ओपीडीत जातेय. खोकून दाखवायला लागेल ना? सर्दी झालीच आहे.