स्वस्तातली फुल सस्पेन्शन एमटीबी (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक), आधी काय बदलू?

प्रश्न: एन्ट्री लेव्हल फुल सस्पेन्शन घेतलीये, चढावर मागचा शॉक नुसता हलतो नि उतारावर हात भरून येतात, सरळ फोर्कच (पुढचं सस्पेन्शन) बदलू का?

उत्तर १: थांबा, फोर्क नको एवढ्यात. आधी सॅग बघा, म्हणजे नुसतं बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते, राइडचे कपडे, पाठीवर बॅग, सगळं घेऊन बसायचं, मागे शॉक स्ट्रोकच्या (दबण्याच्या एकूण अंतराच्या) २५-३० टक्के दबला पाहिजे, पुढे थोडा कमी, आणि एअर शॉक (हवेवर चालणारा) असेल तर शॉक पंप लागतोच, टायरचा चालत नाही. मग रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत येतो ते, सेट करा.

उत्तर २: +१. पैसे घालायचेच तर टायर. ट्यूबलेस केलं की कमी हवेतही चालवता येते, पकड मस्त मिळते. नंतर ड्रॉपर पोस्ट (चालवताना सीट खाली-वर करता येणारा दांडा), तो ज्यात बसतो त्या सीट ट्यूबचा आतला व्यास मोजूनच घ्या.

उत्तर ३: फोर्क घ्यायचाच झाला तर हेड ट्यूब (फ्रेमची पुढची नळी, जिच्यात फोर्क बसतो) टेपर्ड, म्हणजे खाली रुंद होत जाणारी, आहे का बघा, पुढे थ्रू ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड आस) नसेल तर बहुतेक चाकही बदलावं लागेल. आणि पिव्होटचे (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांचे) बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासत जा प्लीज!