वाचनालयात चित्रं/वस्तू मांडल्या, विकल्या होत्या का कधी? अनुभव सांगा

केशरकाडी
आधार कार्ड शोधत होते, सापडली पावती. 'देणगी रु. १५०/-. तपशील : वाड्याचे चित्र, १ नग.' वर कोपऱ्यात 'नक्कल'.

१९९६ ची दिवाळी. गावच्या वाचनालयानं दिवाळी अंकांच्या टेबलामागची जागा आठ दिवस दिली होती. भिंतीला खिळा मारायचा नाही ही अट. मग दोन कपाटांच्या कड्यांना सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी अकरा जलरंग टांगले. कुणी कथा-कादंबरीचं कपाट उघडलं की अख्खं प्रदर्शन हलायचं. पलीकडचं चरित्रांचं कपाट कुणी उघडत नसे, म्हणून बरी चित्रं त्या टोकाला.

सहाव्या दिवशी एक गेलं. पैसे घ्यायला कारकून बसले आणि म्हणाले, "पावतीपुस्तकं दोनच आहेत. वर्गणीचं आणि देणगीचं. विक्रीचं नाही."
"मग?"
"मग देणगी."
पहिली विक्री म्हणून मी हट्टानं नक्कल लिहून घेतली. १० टक्के वाचनालयाचे, १३५ माझे. घेणाऱ्याचं नाव नकलेवर नाही. कोणाच्या भिंतीवर असेल कोण जाणे.

काल इथल्या वाचनालयात एक मुलगा तश्शीच सुतळी बांधत होता, टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला. घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये. तुमचे सांगा.

भाकरतुकडा
चरित्रांचं कपाट 😂😂 आमच्याकडे तो मान समीक्षेच्या कपाटाला.

निवांत_पारावर
मी ब वर्ग ग्रंथालयात ग्रंथपाल आहे म्हणून दुसरी बाजू. खिळा मारू नका म्हटलं की लोक आम्हाला अरसिक म्हणतात. अहो, भिंती चुन्याच्या. एक खिळा मारला की वाटीभर पोपडा खाली. एका वर्षी परवानगी दिली, कलाकार चित्रं घेऊन गेले, खिळे आमच्यासाठी ठेवून गेले. त्यानंतर पडद्याची दांडी लावून घेतली, तिला साखळ्या. आता कुणीही या. अडचण आता वेगळीच, हॉलमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी ७ पासून बसतात. बघायला आलेले दारातूनच बघतात आणि कुजबुजत भाव विचारतात.
पावतीचं मात्र खरं आहे. लेखापरीक्षक विचारतो ही जमा कशाची.

चिंचगूळ
भाव कुजबुजत विचारले तर घासाघीस पण कुजबुजत होते का? मग येतेच मी 😀

डहाणूची_गाडी
घासाघीस म्हणू नका, जखम ताजी आहे. नणंदेबरोबर वारली चित्रं घेऊन बसले होते. ती पाड्यावरचीच, भिंतीवर लग्नाचा चौक, म्हणजे लग्नातलं देवीचं चित्र, लिहिणाऱ्या बायकांत वाढलेली. एक बाई म्हणाल्या, गेरू आणि तांदळाचं पीठ, दोन्ही घरातलंच, मग ८०० कसे? नणंद शांतपणे म्हणाली, मग घरीच काढा ना ताई. मी टेबलाखाली वाकून हसतेय.
वर आणि त्यांना चौकातली पालघाट देवी म्हणजे 'मधली बाहुली'. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेंना २०११ ला पद्मश्री मिळून इतकी वर्षं झाली, पण 'यात अवघड काय, त्रिकोणच तर आहेत' हे वाक्य काही जात नाही.
कुकर झाला. नंतर येते.

गोदाकाठ
आमचं नाशिकचं सावाना (सार्वजनिक वाचनालय) १८४० चं, तिथे…

मिऱ्याचा_वारा
आमचं रत्नागिरीचं १८२८ चं. बसा.

गोदाकाठ
बसलो. पण मुद्दा राहिला ना! काय लिहिणार होतो तेच विसरलो.

आंबोली_धुकं
सावंतवाडीचा आहे, त्यामुळे गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते. मावशीबरोबर एका वाचनालयात मांडल्या होत्या. दशावतारी संच, १२० गोल पानं, दहा अवतारांची बारा-बारा. दिवसभरात सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न : यात रमी खेळता येते का? दुसरा : कोस्टर म्हणून सहाच मिळतील का? मावशीनं पहिल्या दिवशी मत्स्यापासून कल्कीपर्यंत समजावलं. दुसऱ्या दिवशी कोस्टरवाल्याला म्हणाली, गरम चहा ठेवलास तर लाख उठेल हो, आणि संच पुन्हा डब्यात. विकला गेला शेवटी, एका शाळामास्तरांनी घेतला, दोन हप्त्यांत.

चिंचगूळ
मास्तर आणि हप्ते 🙏 असे लोक आहेत म्हणून चाललंय.

परदेशी_पापड
न्यू जर्सी. इथे आमच्या गावच्या वाचनालयात काचेचं कपाट महिनाभर मिळतं, पण आधी नंबर लावावा लागतो. दिवाळीसाठी मागितलं, मिळालं फेब्रुवारीत. रंगवलेल्या पणत्या फेब्रुवारीत, बाहेर दीड फूट बर्फ. किंमत लिहायची नाही हाही नियम, फक्त नाव आणि ईमेल. सहा ईमेल आले. त्यातले चार मराठी क्लास घेता का विचारणारे. आता क्लास घेते. पणत्या माळ्यावर.

भाकरतुकडा
माळ्यावरून आठवलं, आईच्या गोधड्या कुणाला हव्यात का? वाचनालय वगैरे नाही, घरूनच.

केशरकाडी
भाकरतुकडा, फोटो टाक ना.
पारावर, तुमची दांडी हवी होती हो तेव्हा. लेखापरीक्षकांचा विचार तर आजवर डोक्यातच आला नव्हता. माझ्या वाड्यानं कारकुनांना त्रास झाला असेल का?

निवांत_पारावर
१५० रुपयांत कसला त्रास. त्यांनी दोन ओळी जास्त लिहिल्या असतील, एवढंच. विक्री लिहिली असती तर झाला असता.

डहाणूची_गाडी
आले परत. भात करपला, या धाग्यामुळे. केशरकाडी, वाडा कुठला होता?

केशरकाडी
आमचाच, मागच्या अंगणातून. २००४ ला पाडला. तिथे आता तीन मजले आणि खाली मोबाईलचं दुकान. त्या वाड्याचं दुसरं चित्र मी काढलंच नाही. फोटोही आहेत ते सगळे समोरून, लग्नाबिग्नाचे.

आंबोली_धुकं
कागद कुठला वापरायचात तेव्हा?

केशरकाडी
कार्ट्रिज. ३०० जीएसएम वगैरे नावं तेव्हा ऐकलीही नव्हती. पिवळा पडला असेल एव्हाना. गच्चीच्या पत्र्यावर ऊन दाखवलं होतं, तो तर तेव्हाच पिवळा होता 😀 बेल वाजली, दूधवाला. येते.